लंडनच्या पोपटाचा नमुना

भाऊराव खोब्रागड्यांनी पहिल्याच भेटीत माझी कॉलर धरली.

भांडण नव्हतं. ओळखसुद्धा नव्हती. यवतमाळला बसस्टँडमागे मी नुकताच एसटीडी बूथ टाकला होता. उद्घाटनाचा नारळ फुटला होता, खोबरं वाटून झालं होतं, आणि हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस गर्दीतून सरळ माझ्यापर्यंत आला. माझ्या नव्या शर्टाची कॉलर त्याने अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत घेतली, डोळे मिटले, कापड हळूहळू चोळलं आणि जाहीर केलं, "मिलावट हाय. प्युअर कॉटन म्हणून देल्लं असन तं वापस करा."

प्युअर कॉटन म्हणूनच दिलं होतं. देणारा माझा सख्खा मेहुणा होता. त्या शर्टावरून आमच्या घरात जो अबोला झाला, तो पुढे दिवाळीपर्यंत टिकला.

भाऊराव कापसाचे ग्रेडर होते. कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांना हा प्राणी माहीत नसणार. सरकारी खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागते, ग्रेडर गाडीवर चढतो, कापसात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, दोन्ही हातांच्या बोटांनी त्याचा धागा ओढून लांबी बघतो, ओल बघतो, आणि एक शब्द उच्चारतो. 'सुपर' म्हणाला तर गाडीवाल्याच्या घरी लग्न निघतं. 'कवडी' म्हणाला, म्हणजे पिवळा पडलेला, किडका माल, तर गाडीवाला बैलांकडे बघत उभा राहतो. भाऊरावांनी हे काम तीस वर्षं केलं. त्यांच्या बोटांबद्दल आख्यायिका होत्या. डोळे बांधून ते सांगत म्हणे, हा मारेगावकडचा कापूस, हा कळंबचा. निवृत्त झाले तरी बोटं निवृत्त झाली नाहीत. लग्नात ते नवरदेवाचा शेला चाचपत. आमच्या गल्लीतले एक म्हातारे गेले, तेव्हा भाऊराव पार्थिवाजवळ बसले, खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. दाटून आलं असेल म्हणून मी खांद्यावर हात ठेवला, तर नाकातल्या बोळ्याकडे बघत हळूच म्हणाले, "आखूड धागा हाय हो. याहून बरा भेटला नाई का?"

जगातल्या सगळ्या गोष्टींना ते हीच भाषा लावत. माझ्याकडचा चहा कवडी. पलीकडच्या ठेल्यावरचा आलुबोंडा सुपर. कोणी थापा मारू लागला की भाऊराव म्हणत, "तुमच्या बोलण्यात ओल हाय." कापसाचं वजन वाढावं म्हणून लोक त्यावर पाणी मारतात, तसं. आणि वाद हातघाईवर आला की शेवटचं वाक्य ठरलेलं: "तोंडाले नका विचारू. बोटाले विचारा. नमुना दाखवा!"

अशा माणसाच्या आयुष्यात पोपट आले ते माझ्या बूथमधून.

भाऊरावांची एकुलती मुलगी प्रज्ञा. नागपूरला नर्सिंग शिकली आणि लंडनच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली. तिला जायचं नव्हतं. आई नुकतीच गेलेली, बाप एकटा. यांनीच तिला ढकलली. "कापसाकडे पाह्य," म्हणाले, "आन् विमानाकडे पाह्य. कायचा धागा लांब हाय?" ते कापसाचे फार वाईट दिवस होते. खरेदी केंद्रं एकेक करून बंद पडत होती, आणि आमच्या जिल्ह्यात पावसाळी ढगांपेक्षा वार्ताहरांच्या जीपगाड्या जास्त दिसायच्या.

भाऊरावांच्या घरी फोन नव्हता. "घरात फोन आला की माणूस घराबाहेर पडत नाई," हे त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून दर रविवारी दुपारी चार वाजता प्रज्ञाचा फोन माझ्या बूथवर यायचा. भाऊराव साडेतीनलाच इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पहिले दोन-तीन रविवार फार वाईट गेले. हे काचेच्या आत "हॅलो, जयभीम" म्हणायचे, आणि मग दोन्ही बाजूंनी काही नाहीच. बाहेर येऊन मला म्हणायचे, "लाइन खराब हाय तुमची." लाइन उत्तम होती.

चौथ्या रविवारी प्रज्ञाने सांगितलं की तिथल्या बागेत पोपट आहेत.

"पोपट?" भाऊराव इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या ठेल्यावर कढईत बोंडा पडला. "आपले पोपट? लाल चोचीचे? गळ्याले कंठी हाय का? ... हाय म्हंते!" त्यांनी दार उघडून आम्हाला बातमी दिली आणि पुन्हा आत गेले. "किती हाय? ... शेकड्यानं हाय म्हंते! ... बर्फात? बर्फात बी ओरडून राह्यले म्हंते!"

त्या दिवसापासून माझ्या बूथचं रेडिओ केंद्र झालं. रविवारी चारला माणसं जमू लागली. भाऊराव आतून एकेक बातमी घेत आणि दारातून मान काढून प्रसारित करत. पोपट सफरचंदं खातात. पोपट चर्चच्या झाडावर झोपतात. एका गोऱ्या म्हातारीच्या खिडकीत येऊन शेंगदाणे मागतात. "मांगतेत कोण्या भाषेत?" आमचे वानखडे मास्तर विचारत. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे शंका विचारायला पूर्ण मोकळे.

"वऱ्हाडीत," भाऊराव म्हणत. "पक्षी मायबोली सोडत नाई."

हे पोपट लंडनला पोचले कसे, यावर आमच्याकडे महिनाभर काथ्याकूट चालला. कोणी म्हणे, हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून सुटले आणि वाढले. भाऊरावांना हे अजिबात मान्य नव्हतं. त्यांचा सिद्धांत असा, की इंग्रजांनी इथून गाठीच्या गाठी कापूस नेला, त्याबरोबर पोपट गेले.

"गाठ प्रेसमध्ये दाबतेत, भाऊराव," मास्तर म्हणाले. "आत पोपट असन तं त्याची पोळी होईन."

"आत काहून बसन तो? त्याले अक्कल नाई का? गाठीवर बसून गेला."

"आन् बोटीवर खाल्लं काय त्यानं?"

"सरकी!" भाऊराव गरजले. "मास्तर, तुम्ही तीस वर्षं पोट्ट्यायले शिकवून राह्यलते. म्या तीस वर्षं कापूस पाह्यला. कापसाच्या बाबतीत कोण बोलन?"

गाठीत सरकी नसते, ती आधीच काढून घेतात, हे मास्तरांना रात्री घरी गेल्यावर सुचलं. तोवर उशीर झाला होता.

एका रविवारी मात्र भाऊराव बाहेर आले ते लालबुंद होऊन. तिथले काही लोक म्हणतात की हे पोपट बाहेरचे आहेत, फार कलकल करतात, इथल्या पाखरांच्या ढोल्या बळकावतात, यांना हाकललं पाहिजे. "बाहेरचे!" भाऊरावांनी माझं टेबल बडवलं. "अंडे तिथं देल्ले, पिल्लं तिथं काहाडले, थंडी तिथली खाल्ली! अजून काय पाह्यजे? रेशन कार्ड?" मग एकदम वळून फोनकडे गेले. फोन केव्हाच ठेवलेला होता, तरी रिसीव्हर उचलून म्हणाले, "तू नको ऐकू त्यायचं, माय." आणि ठेवून दिला.

मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं. पण मी हसत होतो.

मग एक टीव्हीवाली बाई आली. जीपमधून उतरली आणि नेमकी भाऊरावांसमोर माइक घेऊन उभी राहिली. कापसाची स्थिती काय आहे, असं हिंदीत विचारलं. भाऊरावांनी आधी तिच्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं, "सुपर" म्हणाले, आणि नंतर पंधरा मिनिटं लंडनच्या पोपटांवर बोलले. कॅमेरावाल्याने तिसऱ्या मिनिटालाच कॅमेरा खाली घेतला होता. बाई कसनुसं हसली. "अंकल, हम तो यहाँ की खबर लेने आये हैं."

"यहाँकीच है," भाऊराव म्हणाले. "कोण मेलं ते विचाराले रोज येता, बाई. इथून जाऊन कोण जगलं, त्याची बी एखादी खबर लावा नं."

बाईला मराठी किती समजलं कोण जाणे. पण जीप जरा हळू गेली.

अशा या माणसाची एकच गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. पोपटांच्या बातम्या संपल्या की प्रज्ञा तिकडून विचारायची, बाबा, तुमचं कसं चाललंय? भाऊराव छाती काढून सांगायचे, "मले इथं मराले फुरसत नाई, माय! सेंटरवाले सोडून नाई राह्यले. म्हंतेत, खोब्रागडेसाहेब, तुमच्या बोटाशिवाय हंगाम होत नाई. आज चाळीस गाड्या पाह्यल्या!" निवृत्तीनंतर एक-दोन हंगाम त्यांना खरंच बोलावलं होतं. आता ते केंद्र बंद पडून वर्ष झालं होतं, आणि मैदानात गुडघ्याएवढं गवत होतं. भाऊरावांनी सकाळपासून पाहिलेलं एकूण काम म्हणजे माझ्याकडचं वर्तमानपत्र, दोनदा. ते चाळीस गाड्या म्हणाले की आम्ही सगळे खाली बघायचो, आणि मास्तर खोकायचे. बाप रिकामा बसलाय हे कळलं तर पोरगी नोकरी टाकून येईल, ही त्यांची भीती होती. तेवढ्यासाठी दर रविवारी चाळीस गाड्या येत.

आता नमुन्याकडे येतो.

गाठीच्या वादाने पेटून भाऊरावांनी ठरवलं, की लंडनचा पोपट कुठल्या गावचा आहे हे ते बोटांनी सिद्ध करतील. कापसाचं गाव सांगता येतं, तर पिसाचं का नाही? त्यांनी प्रज्ञाला हुकूम सोडला: बागेत पडलेलं एक पीस उचल आणि पाठव. आणि तोवर इकडचे नमुने गोळा करायला एसटीने फिरू लागले. कळंबला चिंतामणीच्या देवळामागच्या झाडांखाली ते वाकून हिंडत होते. एका बाईने विचारलं, आजोबा, काय हरवलं? तर म्हणाले, "माहं नाई, पोपटाचं." मारेगावचं पीस आणलं. राजूरचंही आणलं, पण तिथल्या कोळशाच्या धुळीत तो पोपट हिरवा आहे हे विश्वासावरच घ्यावं लागत होतं. प्रत्येक पीस वेगळ्या पाकिटात. वर चिठ्ठी: गाव, झाड, ओल, शेरा.

दीड महिन्याने लंडनचं पाकीट आलं.

भाऊरावांनी ते घरी उघडलं नाही. रविवारी तीन वाजता, सर्वांसमक्ष, माझ्या टेबलावर उघडलं. खाली काळ्या मखमलीचा तुकडा पसरला. धाग्याची लांबी बघायला ग्रेडर लोक वापरतात तो. त्यावर त्यांनी तीन गावांची तीन पिसं मांडली आणि चौथी जागा मोकळी ठेवली. मास्तर चष्मा पुसून तयार. पाकिटातून एक लांब, झगझगीत हिरवं पीस निघालं. "ओहो!" लोक म्हणाले.

भाऊरावांनी ते चिमटीत धरलं. डोळे मिटले. बोटं देठापासून टोकापर्यंत गेली. थांबली. पुन्हा देठापाशी आली. त्यांनी डोळे उघडले, पीस उलटं केलं, उजेडाकडे धरलं. अंगठा जिभेला लावला आणि पिसावरून एकदा फिरवला.

"काय हो?" मास्तर म्हणाले. "कोण्या गावचा?"

भाऊरावांनी मूठ मिटली. "कळंब," ते म्हणाले. "सुपर."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी हार मानून सगळ्यांना आलुबोंडे सांगितले. चारला प्रज्ञाचा फोन आला, तेव्हा भाऊराव आतून ओरडले, "भेटलं, माय! कळंबचंच निंगालं!" नंतर आज डोकं दुखतंय म्हणून फोन लवकर ठेवला.

गर्दी पांगली. मी त्यांना चहा दिला. त्यांनी पेला टेबलावर ठेवला, तर पेल्याच्या काचेवर हिरव्या अंगठ्याचा ठसा.

मी ठशाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"पाणी लागलं का रंग सोडते, दिनूभाऊ," ते म्हणाले. "पोपट रंग सोडत नाई."

"म्हणजे?"

"बदकाचं असन. नाई तं कोंबडीचं. दुकानातून आणलेलं. पोपटाचं पीस वरून हिरवं असते, खालून पिवळट. देठ त्याहून येगळा. हे पाहा, देठासकट बुडवलं रंगात."

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. "ग्रेडरच्या पोरीनं ग्रेडरलाच बनावट नमुना पाठवला? अहो, चांगलं झापायचं ना मग!"

"कायले झापू?" भाऊराव माझ्याकडे बघत नव्हते. "शेकड्यानं पोपट हाय म्हंते. रोज सकाळी बागेत जाते म्हंते. मंग दीड महिन्यात एक पीस नाई सापडलं तिले? जातच नाई ती बागेत, दिनूभाऊ. एखाद्या वेळी गेली असन पह्यले. मले पोपट आवडले म्हणून दर रविवारी पोपट देऊन राह्यली ती मले." त्यांनी रुमालाने ठसा पुसायचा प्रयत्न केला. तो आणखी पसरला. "मंग जाते कुठी ती?"

भाऊरावांनी आपली तीन पिसं आपापल्या पाकिटांत ठेवली, चौथं खिशात घातलं आणि गेले.

तो आठवडाभर ते बूथवर आले नाहीत. मास्तर म्हणाले, जिंकल्याचा ताठा चढला.

पुढच्या रविवारी पावणेचारला आले. शर्टाला इस्त्री नव्हती. लोक जमले होते. भाऊराव काचेच्या आत जाऊन बसले. फोन वाजला. त्यांनी जयभीम घातला, आणि पलीकडून बहुधा पोपटांच्या बातम्या सुरू झाल्या असाव्यात, कारण ते नुसते "हं, हं" करत होते. मास्तरांनी मान लांब केली. "काय म्हंतेत पोपट?"

आणि भाऊरावांनी तिला मधेच तोडलं.

"माय, थांब जराशी. मले एक सांगाचं हाय. सेंटर बंद हाय." ते आज ओरडत नव्हते, पण आम्ही सगळे इतके गप्प होतो की शब्द न् शब्द ऐकू आला. "आज नाई. वर्ष झालं. चाळीस गाड्या नाई, एक बी गाडी नाई. म्या तुले खोटं सांगून राह्यलतो. दिवसभर या दिनूभाऊच्या इथं बसतो म्या. पेपर वाचतो. घरी जातो, खिचडी मांडतो. कधी मांडतो, कधी नाई मांडत."

मास्तर उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी बाकी लोकांना हाताने बाहेर चला अशी खूण केली. सगळे निघाले. मला माझाच बूथ सोडून कुठे जाता येईना, म्हणून मी वहीत डोकं घातलं.

"आता तू सांग," भाऊराव म्हणाले.

मग त्यांनी खूप वेळ ऐकलं. मधे एकदा म्हणाले, "सगळ्याच रात्रपाळ्या?" एकदा म्हणाले, "खिडकीसमोर भिंत? खिडकी तरी कायले म्हणा मंग तिले." एकदा नुसतंच, "मले तवाच सांगाचं होतं नं, बाई." शेवटी घसा साफ करून बोलले, "हे पाह्य. याचं असन तं ये. राह्यचं असन तं राह्य. पण मायासाठी राहू नको, आन् मायासाठी येऊ नको. आन् पोपटासाठी तं बिलकुल नाई."

बाहेर आले, तेव्हा डोळे पुसण्याचं नाटकसुद्धा त्यांनी केलं नाही. तसेच वाहू दिले. "बाहेर गेलते का सगळे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मास्तर माणूस बरा हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मास्तरांना मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. मी ते मास्तरांना जरा वाढवून सांगितलं.

प्रज्ञा आली नाही. तिने दवाखान्यातल्या मोठ्या बाईंना सांगून निम्म्या पाळ्या दिवसाच्या मागून घेतल्या, खोली बदलून दोन मल्याळी नर्सबायांबरोबर राहायला गेली. नव्या खोलीत फोन होता. माझं रेडिओ केंद्र मात्र बुडालं. रविवारच्या फोनमध्ये आता ऐकण्यासारखं काही उरलं नाही. जेवली का, गुडघा कसा आहे, डाळ किती शिजवू. लोकांनी दोन-तीन रविवार वाट पाहिली आणि निराश होऊन पांगले. फक्त मास्तर येत राहिले. भाऊरावांचा फोन संपला की त्यांना आपल्या घरी जेवायला घेऊन जायला. वाटेत दोघे कडाकडा भांडायचे.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी भाऊराव पाऊण तास आत होते. मी पाहिलं, तर रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले, ओठ हलत नाहीत. मला वाटलं, लाइन तुटली आणि म्हातारा तसाच झोपला. मी काच वाजवून दार उघडलं. "भाऊराव, फोन कटला का?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"चालू हाय," ते कुजबुजले. "भाजी चिरून राह्यली ती. ऐकतो."